एका हप्त्याची सूट

माझं अक्षर चांगलं आहे, आणि या गोष्टीचा मला जन्मभर माज होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जी माती खाल्ली ती मी याच अक्षरात खाल्ली.

देवासच्या एका कारखान्यात मी तेहतीस वर्षं स्टोअरमध्ये होतो. माल आला, माल गेला, सही, शिक्का. घर मात्र धारचं. आमचे आजे-पणजे संस्थानच्या दफ्तरात कारकून. त्यांनी मागे जमीन ठेवली नाही, जुमला ठेवला नाही, वळणदार अक्षर तेवढं ठेवलं आणि दुसऱ्याचं मराठी दुरुस्त करायची खोड. निवृत्त झाल्यावर धारला परत आलो. बायको अमझेऱ्याची. ती म्हणते, तुम्ही धारचे लोक बोलता कमी, सुधारता जास्त. मुलगी देवासला हिंदी शाळेत शिकली, इंदूरला दिली. ती ‘मी भुलून गेले’ म्हणाली की माझा चहा कडू होतो. अगं, ‘विसरले’ म्हण. मराठी वाचायला दिलं तर ती एकेका शब्दावर बोट ठेवून वाचते, आणि मी तोंड फिरवून बसतो. असा मी माणूस.

निवृत्त लोकांसाठी कंपनीची आरोग्य विम्याची पॉलिसी होती. नवरा-बायको दोघांना, आणि नवरा गेला तर बायकोला एकटीला. दर महिन्याला हप्ता भरायचा. तो भरायची जागा म्हणजे कारखान्याच्या फाटकाजवळची एक खिडकी. एक तारखेपासून पाच तारखेपर्यंत ती उघडी असायची. खिडकीत पैसे द्यायचे, लहानशा पुस्तकात शिक्का मारून घ्यायचा. एवढ्यासाठी मी दर महिन्याला धारहून निघायचो. सकाळची बस, घाटाबिल्लोदला चहा, इंदूरला बस बदलायची, मग देवास. येऊन-जाऊन अख्खा दिवस जायचा. बायको विचारायची, हप्ता भरायला जाता की पोहे खायला? दोन्हीला, मी म्हणायचो. त्या रांगेत कोण आलं नाही हे आधी कळायचं आणि का आलं नाही हे मागून. कंबर मोडून यायची, तरी मी जायचो.

खिडकीसमोर एक बाक होता. त्यावर वहिनी बसलेल्या असायच्या. माझ्या एका मित्राची बायको. मित्र मशीन शॉपमध्ये फिटर होता, सहा वर्षांपूर्वी गेला. मूलबाळ नाही. वहिनी वाईकडच्या, लग्न होऊन देवासला आल्या त्या आल्याच. भाजीवाल्याशी, दूधवाल्याशी हिंदी बोलायच्या, त्याला मालवीची फोडणीही द्यायच्या. पण कचेरीची हिंदी समोर आली की त्या कागद उलटा ठेवायच्या. दोन्ही गुडघे गेलेले. माताजींच्या टेकडीला जाणं सोडलंच होतं, नंतर नंतर दुसऱ्या गल्लीतलं देऊळही सुटलं. रिक्षानं यायच्या, बाकावर बसायच्या, रांगेत त्यांचं पुस्तक मी धरायचो.

आणि कंपनीचं काहीही पत्र आलं की ते मी त्यांना मराठीत लिहून द्यायचो. रेघांच्या कागदावर, एका बाजूला, ठसठशीत. मित्र असतानाच ही पद्धत पडली होती. तो म्हणायचा, तू लिही रे, हिला तुझं अक्षर लागतं. वहिनी ते सगळे कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवत. मला ते बघून बरं वाटायचं. खूप बरं वाटायचं.

गेल्या थंडीत त्या खिडकीवर नोटीस लागली. हिंदीत होती, पण अशा हिंदीत की हिंदीवाल्यांनीही दोन-दोनदा चष्मे पुसले. मतलब असा होता: खिडकी बंद. विम्याचं काम आता विमावाल्यांच्या स्वतःच्या ऑफिसकडे. पुढे पैसे बँकेतून आपोआप कापले जातील, त्यासाठी ‘मैंडेट’ नावाचा फॉर्म भरून द्यायचा. बँकेच्या मंजुरीला महिनाभर लागेल, तेव्हा मधल्या महिन्याचे पैसे ज्याचे त्यानं मोबाईलवर येणाऱ्या लिंकवरून भरायचे. तारीख पाचच.

ज्यांनी आयुष्यभर मशिनी चालवल्या ते लोक त्या लिंकला घाबरले. मी घाबरलो नाही, मी तापलो. माझे पैसे आहेत, मी माझ्या हातानं देईन, आपोआप काय कापता? या वयात आपोआप होणाऱ्या गोष्टी काय कमी असतात? पण ओरडून करता काय. खिडकीतल्या बाबूच्या हातात काही नव्हतं, त्याचीही बदली ठरलेली होती. वर्षानुवर्षांची ओळख, मला भिया म्हणायचा. मी त्याला विचारलं, समजा ती लिंक उघडली नाही, बँकेनं उशीर केला, तर आमची पॉलिसी जाणार का?

तो शिक्के मारत होता. वर न बघता म्हणाला, “टेंशन मत लो भिया, एक हफ्ते की छूट है.”

हे वाक्य नीट ऐकण्यासारखं होतं. मी ते नीट ऐकलं नाही.

हिंदीत हफ्ता म्हणजे आठवडा, हे मला काय माहीत नाही? ‘अगले हफ्ते आना’ असं मी स्टोअरमध्ये शेकडो लोकांना सांगून परत पाठवलंय. पण त्या दिवशी हातात हप्त्याचं पुस्तक होतं, मागेपुढे हप्ता भरणारे उभे होते, आणि आमच्या घरात हप्ता म्हणजे भरायचा तो. स्कूटरचा हप्ता, प्लॉटचा हप्ता, विम्याचा हप्ता. पाय दुखत होते, डोकं तापलेलं होतं, आणि ऐन वेळी कान मराठी निघाला. मी ऐकलं ते असं, की एका हप्त्याची सूट आहे. म्हणजे मधल्या महिन्याचा हप्ता माफ. मला वाटलं, चला, जाता जाता एक तरी शहाणपणाचं काम केलं यांनी.

बाकावर वहिनींनी विचारलं, काय म्हणाले? मी त्यांच्याशेजारी बसलो, पिशवीतून कागद काढला आणि लिहिलं. खिडकी बंद. पुढे पैसे बँकेतून आपोआप जातील. फॉर्मवर दोन ठिकाणी सही करावी. एका हप्त्याची सूट आहे. काळजी नसावी.

‘सूट’ या शब्दाखाली मी रेघ ओढली. आणि ‘काळजी नसावी’ हे बाबूनं म्हटलंच नव्हतं, ते माझ्या पदरचं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती मेथी निवडत होती. फुकट सोडलं? तिनं विचारलं. सोडलं, मी म्हणालो, मी स्वतः विचारून आलोय. तिनं पुन्हा विचारलं, नक्की ना? मी म्हणालो, तेहतीस वर्षं त्या कंपनीत मी होतो की तू होतीस? अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं काहीतरी ती मेथीच्या जुडीला म्हणाली. मी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

पाच तारीख आली, गेली. मोबाईलवर कसले कसले मेसेज आले. मी ते उघडत नाही, त्यात निम्मे कर्ज देणारे असतात. बँकेची मंजुरी आली, त्याच्या पुढच्या महिन्याला पैसे कापलेही गेले. देवासला जायचं कारण उरलं नाही. पहिल्या महिन्यात सकाळी उठून मी उगीचच दाढी करून बसलो होतो. बायको म्हणाली, जायचंय कुठे?

मग एके दुपारी वहिनींचा फोन आला. इंदूरच्या हॉस्पिटलमध्ये त्यांच्या उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती. दोन वर्षं त्या एकच गोष्ट बोलत होत्या, की एक गुडघा झाला तरी पुरे, काठी धरून देवळापर्यंत जाईन. पुतण्याच्या गाडीतून त्या हॉस्पिटलमध्ये कागद द्यायला गेल्या होत्या. तिथल्या मुलीनं मशीनमध्ये नंबर घातला आणि सांगितलं, पॉलिसी बंद आहे.

“भावजी, तुमचंही बघून घ्या हो,” वहिनी म्हणाल्या, “तुमचं तर बंद नसेल ना झालं?”

त्यांना आधी माझी पडली होती. मी फोन ठेवला आणि बायकोला हाक मारली. ती बाहेर आली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आपलं चालू आहे. मधल्या महिन्याचे पैसे तिनं मुलीकडून भरवले होते. लिंक आली त्याच दिवशी तो मेसेज मुलीला पाठवून दिला, मुलीनं दोन मिनिटांत भरून टाकले. मला का नाही सांगितलंस, मी विचारलं. तर म्हणे, तुम्ही एकदा ठरवलं की ऐकता कुठे? तुमच्याशी वाद घालण्यापेक्षा पैसे भरणं सोपं.

खोटं कशाला बोलू, आधी मला हायसं वाटलं. आपलं वाचलं, हाच पहिला विचार. मग मुलीला फोन लावला, तेव्हा ती सहज म्हणाली, बाबा, मैसेज में तो साफ लिखा था, पाँच तारीख के बाद एक हफ्ते की छूट. बारा तक भरना था. आणि तिथे, तिच्या तोंडून, मला ते वाक्य पहिल्यांदा नीट ऐकू आलं. मी पलंगावर बसलो. लाज वाटली, इतकी की बायकोकडे बघवेना. जी बाई चाळीस वर्षं मला वाढते तिनं माझ्यावर भरवसा ठेवला नाही म्हणून ती तरली. जिनं ठेवला ती बुडाली.

दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरली. घाटाबिल्लोदला चहा घेतला नाही. रस्ताभर मी मनात घोकत होतो की ऑफिसात गेल्या गेल्या काय बोलायचं. चूक माझी आहे, या बाईंची नाही, जे काय करायचं ते मला करा.

विमावाल्यांचं ऑफिस देवासला एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर निघालं. लिफ्टला कागद चिकटवलेला, बंद आहे. जिन्याच्या बावीस पायऱ्या. मी त्या मोजल्या, कारण वहिनींबरोबर चढताना दुसरं काही करता येत नव्हतं. त्या उजवा पाय वर ठेवायच्या, कठडा धरून अंग ओढून घ्यायच्या, डावा पाय त्याच पायरीवर आणायच्या, थांबायच्या. मग पुढची. म्हाताऱ्यांच्या विम्याचं ऑफिस वरच्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. ज्यानं ही जागा पसंत केली त्याला मी मनातल्या मनात धार-देवासच्या सगळ्या शिव्या दिल्या. वहिनी म्हणाल्या, सावकाश भावजी, मला कुठे गाडी पकडायचीय.

टेबलामागे एक तरुण अधिकारी होता. पाटीवरचं आडनाव आमच्यातलंच. मुलगा भला होता, उठून खुर्ची दिली, पाणी मागवलं. वहिनींनी आपल्या मराठी-हिंदीत सगळं सांगितलं आणि पिशवीतून माझा कागद काढून टेबलावर ठेवला. हे बघा, भावजींनी लिहून दिलेलं आहे, माफ होतं म्हणून. तो ओशाळून हसला. म्हणाला, मैं भी मराठी हूँ काकी, बस पढ़ने में थोड़ा अटकता हूँ. मग त्यानं माझ्या मुलीसारखंच बोट ठेवून वाचायला घेतलं. एका. हप्त्याची. सूट. आहे.

“काकी, इसमें तो सही लिखा है,” तो म्हणाला. “हफ्ते की छूट. आपका हफ्ता निकल गया था.”

माझं अक्षर इतकं स्वच्छ होतं की त्यात माझी चूक त्याला दिसलीच नाही. त्याच्या डोळ्यांना माझा कागद बरोबर होता. सगळी चूक आता वहिनींकडे गेली होती. त्यांनी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होतो. बसमध्ये घोकलेलं सगळं तोंडाशी आलं होतं, आणि मी ते गिळलं. का गिळलं? त्या मुलानं नुकतंच मला ‘काकाजी, कितना सुंदर अक्षर है आपका’ म्हटलं होतं म्हणून. एवढंच कारण. दुसरं मोठं कारण असतं तर सांगितलं असतं.

“माझंच चुकलं,” वहिनी म्हणाल्या. “भावजींनी बरोबर लिहिलं होतं. मीच वाचलं नाही नीट.”

त्यांनी कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवला आणि उठल्या.

उतरताना त्यांना चढण्यापेक्षा जास्त त्रास होत होता. एक हात कठड्याला, दुसरा माझ्या खांद्यावर, मी एक पायरी पुढे. मधल्या वळणावर त्या थांबल्या, भिंतीला टेकल्या. त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. मला आता राहवेना. मी म्हणालो, वहिनी, मी हप्ता म्हणजे भरायचा हप्ताच लिहिला होता. आठवडा नव्हे. चूक माझी आहे.

“मला मराठी येतं, भावजी,” त्या म्हणाल्या.

त्या पदरानं मान पुसत होत्या. अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, की त्या पोरासमोर तुम्हाला मान खाली घालावी लागली असती, ती मला बघवली नसती. ह्यांचे मित्र तुम्ही. ह्यांना तुमचं केवढं कौतुक होतं.

मला वाटलं, जमीन फाटावी. त्यांना तिथेच पायरीवर बसवलं, रुमाल पसरून, आणि मी पुन्हा वर गेलो. त्या मुलाला हिंदीत सांगितलं. हप्ता म्हणजे काय, हफ्ता म्हणजे काय, आणि या बाईंना कोणी काय लिहून दिलं. त्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो आधी हसला, आणि माझं तोंड बघून थांबला. म्हणाला, काकाजी, लिखकर दे दो, मैं ऊपर भेज देता हूँ. मी अर्ज लिहिला. ‘भूल मेरी है’ हे आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं असेल, आणि तेही दुसऱ्या भाषेत. वरातीमागून घोडं, पण लिहिलं. अक्षर चांगलं आलं नाही.

उत्तर यायला सहा आठवडे लागले. आठवडेच म्हणतो. तेवढ्यात वहिनींची ऑपरेशनची तारीख होऊन गेली होती. तिसऱ्या माणसाच्या सांगण्यातल्या चुकीसाठी बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू करता येत नाही, असं पत्र आलं. नवी घेता येईल, पण जुन्या दुखण्याला, म्हणजे गुडघ्यांना, दोन वर्षं थांबावं लागेल. मोफत उपचाराचं सरकारी कार्ड सत्तरीला मिळतं, वहिनींना अडुसष्ट. जिकडे जावं तिकडे दोनच वर्षं. मी आणि मुलीनं मिळून काही पैसे पुढे केले होते. ऑपरेशनच्या मानानं ते थोडेच होते, आणि वहिनींनी तेही परत केले. ह्यांनी कधी कुणाचे घेतले नाहीत, म्हणाल्या, मग मी कशाला घेऊ. बायकोनं मला शब्दानं काही म्हटलं नाही. तिनं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

पत्र घेऊन मी स्वतः देवासला गेलो. फोनवर सांगायचा धीर नव्हता. वहिनी दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या, पाय समोरच्या पाटावर. पत्र हिंदीत होतं. त्यांनी ते बघितलंही नाही. पिशवीतून रेघांचा कागद काढला आणि माझ्यासमोर धरला.

मी लिहिलं. विनंती मान्य झाली नाही. नवी पॉलिसी घ्यावी. गुडघ्यांसाठी दोन वर्षं थांबावं लागेल. शेवटची ओळ या वेळी लिहिली नाही.

त्यांनी सावकाश वाचलं. सगळं दोनदा वाचलं. मग कागदाची घडी घालता घालता विचारलं, “दोन वर्षं म्हणजे किती हप्ते हो, भावजी?”

मला वाटलं, भरायचे विचारतायत. म्हणालो, चोवीस.

“आणि त्यांच्या हिशोबानं?”

मी मनात बावन्न दुणे केले. “एकशे चार,” मी म्हणालो.

“मग तुमचेच बरे,” वहिनी म्हणाल्या. “लवकर संपतील.”